घड्याळ एक, दम आपापला

‘हाय इंटेन्सिटी’ ग्रुप क्लास म्हणजे फक्त सिक्स पॅकवाल्यांचं काम, असं तुम्हालाही वाटतं? मलाही वाटायचं. बेल्ह्याच्या मैदानावर मामीने माझी विकेट काढेपर्यंत!

सकाळचे पावणेसात. नोव्हेंबरची बोचरी थंडी. बंबातून धूर निघतोय, मी चहाचा कप दोन्ही हातांत धरून अंगणात बसलेय आणि समोर ओट्यावर माझी बावन्न वर्षांची मामी पायात चक्क स्पोर्ट्‌स शूज चढवतेय. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला गच्च बांधलेली, कानाला मामाचा मफलर.

“कुठे गं निघालीस?”

“क्लासला.”

“कसला क्लास?”

“व्यायामाचा. येती का? तू तर पुण्यात जिमला जाती म्हणं.”

जाते नाही, जायचे. पण तो किस्सा मामीला सांगण्यासारखा नव्हता. मी मुकाट्याने उठले आणि बॅगेच्या तळाशी पडलेले शूज शोधायला लागले.

खरं तर मी बेल्ह्याला आले होते बैलांसाठी. बेल्हे म्हणजे माझ्या आईचं माहेर. पुण्याहून नाशिक रस्त्याने नारायणगाव, मग आळेफाटा, आणि तिथून उजवीकडे वळून अहिल्यानगरच्या (मामाच्या तोंडी अजून ‘नगर’च!) रस्त्याला लागलं की जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागात हे गाव लागतं. सोमवारचा आठवडे बाजार आणि त्यातला बैलबाजार लांबलांबपर्यंत प्रसिद्ध. त्यावर एक झक्कास फीचर करायचं, मामीच्या हातची मासवडी हाणायची आणि मंगळवारी परत, असा साधासुधा प्लॅन होता. बैलांचं फीचर अजून लिहायचंय. मध्येच हे भलतंच गळ्यात पडलं.

बिबट्याने जमवलेली बॅच

मैदानावर पोचले तेव्हा ऊन नुकतंच पडायला लागलं होतं. तीस-चाळीस माणसं. त्यात ट्रॅक पँट आणि टी-शर्टातली सडपातळ पोरं-पोरी, म्हणजे पोलीस भरतीची तयारी करणारी बॅच. हे अपेक्षितच होतं. आजकाल कुठल्याही तालुक्यात सकाळी रस्त्याने गेलात, तर भरतीची पोरं पळताना दिसणारच. पण त्यांच्या शेजारी मामीसारख्या सात-आठ काकू होत्या. एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले एक काका होते. आणि पायाला कॅलिपर लावलेले, मोबाइल रिपेअरिंगचं दुकान चालवणारे एक दादा चक्क प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसले होते. मला वाटलं, बघायला आले असतील.

ही खिचडी जमली कशी? तर बिबट्यामुळे!

हसू नका. जुन्नर तालुक्यात बिबट्या हा व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डचा विषय नाही, रोजच्या जगण्याचा आहे. ऊस दाट, पाणी मुबलक, त्यामुळे बिबट्यांनी शेतातच संसार थाटलेत. माणिकडोहला बिबट्यांसाठी खास निवारा केंद्र आहे, ते उगाच नाही. अंधारात एकट्याने पळायला जायचं नाही, हा इथला पहिला नियम. माझी मामेबहीण भरतीची तयारी करते. ती पहाटे निघायची म्हणून मामी बॅटरी आणि काठी घेऊन तिला सोडायला यायची आणि पोरगी पळून होईपर्यंत कट्ट्यावर बसून राहायची. बाकीच्या पोरींच्या आयाही तशाच. पुढे सरावाची वेळ उजाडल्यानंतरची केली, तरी सोबतीची सवय सुटली नाही. महिनाभर हा असा ‘आई क्लब’ बसून होता.

मग एक दिवस सराव घेणारा मुलगा म्हणाला, “काकू, बसलाच आहात तर जरा उठा-बसा तरी.”

एका काकूने खरंच केलं. कट्ट्यावरून उठायचं, परत बसायचं. दहा वेळा. सगळ्याजणी खो-खो हसल्या. दुसऱ्या दिवशी तिघींनी केलं.

हा ‘सर’ म्हणजे वय वर्षं सत्तावीस. स्वतः भरतीला दोनदा थोडक्या मार्कांनी हुकलेला. काकू त्याला चिडवायला ‘सर’ म्हणायला लागल्या आणि आता तेच नाव पडलंय. त्याच्याकडे कुठलंही इंटरनॅशनल सर्टिफिकेट नाही. एक शिट्टी आहे, एक मोबाइल आहे आणि बघण्याची चांगली नजर आहे. पण नजर तयार व्हायला एक चूक घडावी लागली. तिच्याकडे येतेच. आधी माझी फजिती.

स्क्रीनवरचं शेवटचं नाव

पुण्यातला माझा क्लास एकदम हॅपनिंग होता. एसी हॉल, निऑन लाइट्स, छाती हलवणारा बेस. प्रत्येकाच्या छातीला पट्टा आणि समोर भलामोठा स्क्रीन. स्क्रीनवर तुमचं नाव, पुढे जळलेल्या कॅलरी. जास्त जाळणारा वर, कमी जाळणारा खाली. सगळ्यात खाली कोण, हे वेगळं सांगायला हवंय का?

मला लहानपणापासून दमा आहे. कंट्रोलमध्ये आहे, पण आहे. फॉर्ममध्ये तसं लिहिलं होतं; तो फॉर्म बहुधा कोणी वाचला नाही. वॉर्म-अप तीन मिनिटांत उरकला आणि ऑर्डर सुटली, “फिफ्टी बर्पीज, गो!” चौदाव्या बर्पीला छातीत शिट्टी वाजायला लागली. ज्यांचे पन्नास झाले ते कमरेवर हात ठेवून, पाणी पीत उरलेल्यांकडे बघत होते. टाळ्याही वाजवत होते हो, प्रोत्साहन म्हणून. त्या टाळ्यांपेक्षा शिव्या परवडल्या असत्या. मी वॉशरूममध्ये जाऊन इनहेलर घेतला. बाहेरून ट्रेनरचा आवाज येत होता, “नो एक्सक्यूजेस, गाइज!”

तीन महिन्यांची फी भरली होती. पुन्हा पाऊल टाकलं नाही. निष्कर्ष काढून मोकळी झाले, की असले क्लास आपल्यासारख्यांसाठी नाहीत. चूक क्लासच्या रचनेत होती आणि लाज मात्र मला वाटत राहिली, हे कळायला बेल्ह्यापर्यंत यावं लागलं.

मोजायचे नाहीत, शिट्टी ऐकायची

बेल्ह्याचं सर्किट साधं आहे. मैदानावर सहा थांबे. दोन दगडांमधलं शटल रन, बैठका, जोर, पायरीवर चढ-उतार, खताच्या रिकाम्या गोणीत वाळू भरून केलेलं वजन उचलणं, आणि दोर बांधलेला ट्रॅक्टरचा जुना टायर ओढणं. प्रत्येक थांब्यावर तीस सेकंद काम, तीस सेकंद आराम. शिट्टी वाजली की पुढचा थांबा. सहा मिनिटांची एक फेरी, अशा तीन फेऱ्या, मध्ये दोन-दोन मिनिटं पाणी. आधी पंधरा मिनिटं चालणं, हातपाय मोकळे करणं, हळू धावणं. शेवटी पुन्हा तसंच थंड होणं. बस्स.

गंमत थांब्यांवर आहे. जोरांचं घ्या. भरतीची पोरं जमिनीवर जोर मारतात. ड्रायव्हर काका कट्ट्यावर हात टेकवून. मामी भिंतीला हात लावून, उभ्यानेच. शटल रनला मामेबहीण सुसाट सुटते (मुलींना भरतीत ८०० मीटर आणि १०० मीटर धावायचं असतं, शिवाय गोळाफेक), आणि काकू त्याच दोन दगडांमध्ये झपझप चालतात. आणि ते खुर्चीवाले दादा? बसूनच दोर हाताखाली घेऊन टायर असा खेचत आणतात, की भरतीची पोरं गप्प होतात. बाकीच्या थांब्यांना त्यांच्यासाठी हाताचं काम आहे. पाण्याने भरलेल्या बाटल्या डोक्यावर उचलायच्या, जाड दोराची दोन टोकं धरून लाटा काढायच्या. तीस सेकंद संपतात तेव्हा तेही घामाघूम आणि अठरा वर्षांची पोरंही घामाघूम.

मी पहिल्या दिवशी शान मारायला जमिनीवरच्या जोरांनी सुरुवात केली. दुसऱ्या फेरीत कट्टा. तिसऱ्या फेरीत मामीच्या शेजारी भिंतीला! मामी काही बोलली नाही. फक्त जरा बाजूला सरकून तिने मला जागा दिली.

त्या चुकीबद्दल सांगते. सुरुवातीला सरही आकडेच द्यायचा. चाळीस बैठका, वीस जोर. पहिल्याच आठवड्यात ड्रायव्हर काकांनी पोरांची बरोबरी करायला जोर लावला आणि गुडघा धरून बसले. तीन आठवडे घरी. “माझंच चुकलं,” सर म्हणतो. “आकडा दिला की माणूस शेजारच्याकडे बघतो. वेळ दिली की स्वतःकडे बघतो.” तेव्हापासून आकडे बंद, शिट्टी सुरू. तीस सेकंदांत कोणाचे पंचवीस होतात, कोणाचे सहा. शिट्टी सगळ्यांसाठी एकाच वेळी वाजते. कोणी आधी संपवून उभा नाही, कोणी मागे राहिलेला नाही.

खुर्चीवाल्या दादांना मी विचारलं, संकोच नाही वाटला? ते म्हणाले, “आधी वाटायचा. नंतर ध्यानात आलं, शिट्टी वाजली की ज्याला त्याला आपली पडलेली असते. माझ्याकडे बघायला कुणाला टाइम आहे?”

किती आणे?

सगळ्यात भारी फंडा तर पुढेच आहे. प्रत्येक फेरीनंतर सर ओरडतो, “किती आणे?” आणि लोक ओरडून उत्तर देतात. “बारा!” “दहा!” “चौदा!” सोळा आणे म्हणजे जीव जायची वेळ, आठ आणे म्हणजे गप्पा मारत चाललोय. ही आयडिया ड्रायव्हर काकांची, कारण पोरांनी ‘दहापैकी किती’ विचारलं की काकूंना उत्तर सुचायचं नाही. नवीन माणसाने पहिला महिना बारा आण्यांच्या वर जायचं नाही. भरतीवाल्यांनी चौदाच्या खाली यायचं नाही.

आता ऐका. गुन्नर बोर्ग नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने नेमकी हीच गोष्ट शास्त्रीय पद्धतीने मांडली होती. माणसाला श्रम किती वाटतोय, हे त्यानेच सांगायचं. त्याची मूळ पट्टी ६ ते २० ची आहे. सहाला साधारण ६० ठोके आणि वीसला २०० ठोके अशा हिशेबाने. जगभरच्या हॉस्पिटलांत ती वापरतात. बेल्ह्यात ती आण्यांत चालते, इतकाच फरक! ज्यांना बीपीसाठी बीटा-ब्लॉकर गोळ्या चालू असतात, त्यांचे ठोके व्यायामातही फारसे चढत नाहीत. अशा वेळी मनगटावरचं महागडं घड्याळ फसतं. आणे फसत नाहीत.

सगळा घोळ ‘हाय इंटेन्सिटी’ या शब्दाचा आहे. आपल्या डोळ्यांसमोर लगेच उड्या, बर्पी आणि जाहिरातीतली पोटं येतात. पण व्यायामशास्त्रात इंटेन्सिटी मोजतात ती त्या-त्या माणसाच्या स्वतःच्या कमाल क्षमतेच्या हिशेबात. मामेबहिणीला तिथे पोचायला १०० मीटर धावावं लागतं. मामीला पायऱ्या भरभर चढल्या तरी पुरे. ओळखायची सोपी खूण सांगते. आरामात गाणं म्हणता येतंय, तर व्यायाम हलका. बोलता येतंय पण गाता येत नाही, तर मध्यम. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतोय, तर जोरदार.

नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइम शहरात उलरिक विस्लॉफ आणि सहकाऱ्यांनी २००७मध्ये एक अभ्यास छापला. त्यात हृदय कमकुवत झालेले २७ पेशंट होते, सरासरी वय पंच्याहत्तरच्या घरात. त्यातल्या एका गटाला बारा आठवडे इंटरव्हल ट्रेनिंग दिलं. चार मिनिटं जोरात, मग तीन मिनिटं हळू, असं चार वेळा. आणि ‘जोरात’ म्हणजे काय? ट्रेडमिलवर चढावर चालणं! नुसतं चालणं. त्यांच्यासाठी तीच हाय इंटेन्सिटी. ऑक्सिजन वापरण्याची त्यांची क्षमता ४६ टक्क्यांनी वाढली. सलग मध्यम गतीने चालणाऱ्या गटाची १४ टक्क्यांनी.

लगेच उड्या मारू नका. हा अभ्यास छोटा होता. पुढे २०१७मध्ये युरोपातल्या नऊ केंद्रांत अशाच २६१ पेशंटवर मोठा अभ्यास झाला आणि त्यात दोन्ही प्रकार साधारण सारखेच ठरले. मजा म्हणजे, ‘जोरात करा’ सांगितलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांनी सांगितल्यापेक्षा हळू केलं आणि ‘मध्यम करा’ सांगितलेल्यांपैकी बहुतेकांनी सांगितल्यापेक्षा जोरात! माणूस शेवटी आपल्याला झेपतं ते शोधतोच. म्हणून ‘हाच व्यायाम सर्वश्रेष्ठ’ असं कोणी म्हणालं, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. मध्यम गतीचा व्यायामही उत्तम. मुद्दा वेळेचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या सूचनांप्रमाणे आठवड्याला मध्यम व्यायाम किमान १५० मिनिटं, किंवा जोरदार व्यायाम ७५ मिनिटं. अपंगत्व असलेल्यांसाठी आणि दीर्घ आजार असलेल्यांसाठीही या सूचनांत वेगळं मार्गदर्शन आहे. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अर्धं आयुष्य घालवणाऱ्या तुम्हा-आम्हाला ७५ हा आकडा फार प्यारा वाटायला हरकत नाही.

आणि धोका? नॉर्वेतल्याच तीन हृदय-पुनर्वसन केंद्रांतल्या ४,८४६ पेशंटच्या पावणेदोन लाखांहून जास्त तासांच्या व्यायामाची नोंद २०१२मध्ये प्रसिद्ध झाली. मध्यम व्यायामाच्या १,२९,४५६ तासांत हृदय बंद पडून एक मृत्यू झाला. जोरदार व्यायामाच्या ४६,३६४ तासांत दोघांचं हृदय बंद पडलं, दोघेही वाचले. म्हणजे दोन्हीकडे धोका फार कमी. पण हे सगळं तपासण्या करून, देखरेखीखाली चाललं होतं, हे विसरून चालणार नाही. मैदानावर डॉक्टर नसतो.

जाता जाता, ‘तबाता’ नावाने अ‍ॅपवर फिरणाऱ्या वीस सेकंद-दहा सेकंदवाल्या वर्कआउटबद्दल. जपानच्या इझुमी तबातांचा १९९६चा मूळ प्रयोग तंदुरुस्त तरुणांवर, सायकलवर झाला होता आणि त्यातला जोर इतका भयानक होता, की सात-आठ फेऱ्यांत ती तरणीबांड पोरं संपायची. तुमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये पहिल्याच दिवशी कोणी ‘तबाता’ करायला लावलं, तर गोड हसा आणि विश्रांतीचा वेळ दुप्पट मागा.

शेजारी कोण आहे?

हे सगळं घरी, मोबाइलवर टायमर लावून एकट्याने करता येणार नाही का? येईल की! मी केलंय. चार दिवस. पाचव्या दिवशी टायमर वाजत राहिला आणि मी गादीत.

ओटो कोहलर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात बर्लिनमधल्या रोइंग क्लबच्या खेळाडूंवर प्रयोग केले. जोडीने काम करताना त्यातला कमजोर गडी एकटा असतानापेक्षा जास्त जोर लावतो, असं त्याला दिसलं. पण त्यात एक मेख आहे. जोडीदार थोडाच सरस असेल तर हा परिणाम छान दिसतो. तो फारच पुढे असेल, तर कमजोर माणूस नाद सोडतो. पुण्याच्या स्क्रीनवर माझी तुलना थेट मॅरेथॉन पळणाऱ्या बाईशी होत होती. बेल्ह्यात माझ्या एका बाजूला मामी आणि दुसऱ्या बाजूला तिच्यापेक्षा जरा चपळ अशी शिक्षिका. सर जोड्या लावतो त्या अशाच.

हे ऐकून मामा म्हणाला, “मग नवीन काय सांगितलं? बैलजोडी लावताना आपण काय बघतो?” बाजारात त्याच्याबरोबर तास न्‌ तास काढल्यामुळे मला हे पटलं. उंची, चाल, ताकद जुळत नसेल, तर एक ओढतो आणि दुसरा नुसता फरफटतो. (हाच मामा सुरुवातीला म्हणायचा, दिवसभर रानात राबणाऱ्याला वेगळा व्यायाम कशाला? आता त्याची मोटर मोबाइलवरून चालू होते, पाणी ठिबकने जातं आणि नांगरट ट्रॅक्टर करतो. राबतं कोण, विचारल्यावर तो विषय बदलतो.)

आपल्याकडच्या तालमीतही हेच तर होतं. एकाच लाल मातीत पोर आणि पट्टीचा पैलवान एकाच वेळी घाम गाळायचे, पण कोणाच्या किती बैठका हे वस्ताद ज्याचा त्याचा वकूब बघून ठरवायचा. मुंबईत शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचं उदाहरण तर एकदम सॉलिड आहे. तिथले प्रशिक्षक उदय देशपांडे यांना २०२४मध्ये पद्मश्री मिळाली. मल्लखांबासारखा प्रकार, जो बघूनच आपल्याला घेरी यावी, तो त्यांनी दृष्टिहीन मुलांपर्यंत आणि ज्येष्ठांपर्यंत नेला. खांब तोच राहिला. शिकवण्याची पद्धत माणसागणिक बदलली.

मामीच्या ओढणीची गाठ

मामीला सहा वर्षांपासून शुगर. गेल्या वर्षी तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा ९.२ आला आणि नारायणगावच्या डॉक्टरांनी इन्शुलिनचा विषय काढला. मामीची आई इन्शुलिनवरच होती, पुढे तिचा पाय कापावा लागला होता. मामीच्या डोक्यात ती दोन चित्रं एकमेकांना चिकटलेली. डॉक्टरांनी समजावलं, की इन्शुलिनमुळे पाय जात नाही, साखर वाढत राहिल्याने जातो. पण भीती ती भीती. कट्ट्यावरून पहिल्यांदा उठ-बस करणारी काकू कोण होती, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल.

काम करणारा स्नायू रक्तातली साखर इन्शुलिनची वाट न बघता उचलतो. हा व्यायामाचा सगळ्यात मोठा फायदा, आणि गोळ्या चालू असताना तोच धोकाही. काही गोळ्यांवर किंवा इन्शुलिनवर असताना साखर एकदम खाली येऊ शकते. म्हणून मामीच्या ओढणीच्या टोकाला एक गाठ असते आणि त्यात साखरेची पुडी. सुरू करण्याआधी तिने डॉक्टरांना विचारलं, डोळे तपासून घेतले, पायांना जखम नाही ना हे ती रोज बघते. पाच महिन्यांनी आकडा ७.९ आला. मध्ये गोळी बदलली होती, रात्रीचा भातही कमी केला होता, त्यामुळे सगळं श्रेय टायरला देता येणार नाही. पण इन्शुलिनचा विषय तूर्त पुढे ढकललाय. आणि अंगणातली पाण्याची कळशी ती आता एका हाताने उचलते, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

माझं? मी नोव्हेंबर ते मार्च जवळपास दर दुसऱ्या शनिवारी बेल्ह्याला जात होते. माझ्या डॉक्टरांनी सुरुवात करण्याआधी इनहेलर घ्यायला सांगितला आणि थंड हवेत नाका-तोंडावर रुमाल बांधायला. दम्याच्या माणसाला लांब, सावकाश वॉर्म-अप हे अर्धं औषध असतं; आणि सलग पळण्यापेक्षा थांबत थांबत केलेले छोटे झपाटे सहसा जास्त मानवतात. हे तीन मिनिटांत वॉर्म-अप उरकणाऱ्यांना कोणीतरी सांगायला हवं. पाच महिन्यांत एकदाच छाती भरली, तीही कांद्याच्या चाळीची धूळ नाकात गेल्याने. तेव्हा सरने फक्त हात वर केला, ‘बस’ अशी खूण केली आणि शिट्टी वाजवत राहिला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी मनातल्या मनात त्याला सलाम ठोकला.

सगळ्यांनी उद्याच टायर ओढायला लागा, असं मी म्हणत नाहीये. छातीत दुखतं, चक्कर येते, बीपी आटोक्यात नाही, नुकतंच ऑपरेशन झालंय किंवा हृदयाचा झटका येऊन गेलाय, तर आधी डॉक्टर, मग मैदान. गरोदर असाल तरीही. आणि ज्याला गर्दीतच नको वाटतं, त्याने खुशाल एकट्याने टेकडी चढावी. तीही हाय इंटेन्सिटीच आहे. वेताळ टेकडीवर विचारून बघा.

पण क्लास लावणारच असाल, तर फी भरायच्या आधी एक दिवस नुसतं बघायला जा. ट्रेनर आकडे देतोय की वेळ? एखाद्याला जमलं नाही तर सोपा प्रकार तो आधीच सगळ्यांना दाखवतो, की माणूस कोसळल्यावर? भरलेला फॉर्म वाचून त्याने एक तरी प्रश्न विचारला का? मी पुण्यात आता हेच तीन प्रश्न घेऊन फिरले. एका ठिकाणी मुलगी म्हणाली, “मॅम, आमच्याकडे सगळे फिटच लोक येतात.” तिथून सरळ बाहेर. चौथ्या ठिकाणी, एका जुन्या वाड्याच्या मागच्या हॉलमध्ये, बाईंनी माझा फॉर्म वाचला आणि विचारलं, “इनहेलर खिशात ठेवता की बॅगेत? खिशात ठेवा.” तिथे पैसे भरले.

गेल्या आठवड्यात मामीचा फोन. मी मीटिंगमध्ये, तरी उचलला.

“अगं, सर गेला भरतीच्या मैदानाला. पोरगी पण गेलीय. दोन दिवस न्हाईत.”

“मग क्लासला सुट्टी?”

“सुट्टी कशाची? शिट्टी माझ्याकडं देऊन गेलाय,” मामी म्हणाली. “पण ते मोबाइलातलं घड्याळ तीस सेकंदाला कसं लावायचं, तेवढं सांग. आज सगळ्यांना पाऊण मिनिट पळवलं मी. ड्रायव्हर भाऊजी म्हणले, अठरा आणे झाले!”